‘सेट’ झाला का?

इंग्रजीतील काही शब्द आपल्या घरी पाहुणे म्हणून आले आणि हळूहळू घरचेच होऊन गेले. ‘सेट’ हा त्यांपैकी एक. पहाटेचा गजर सेट करायचा, विरजण लावलेले दही सेट झाले का ते पाहायचे, पाहुण्यांसाठी कपाटातला टी-सेट काढायचा, लग्नाला मोत्यांचा सेट घालायचा, नाटकाचा पडदा उघडताच सेटला टाळी द्यायची. वास्तविक मराठीत या प्रत्येकासाठी वेगळा शब्द होता. गजर आपण लावत होतो, दही लागत होते, खडा कोंदणात बसत होता, भांड्यांचा संच होता. एका पाहुण्याने किती जणांची कामे अंगावर घेतली पाहा!

खुद्द इंग्रजीतही या शब्दाचा पसारा अफाट आहे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’चीच होती, तिच्यात सुमारे ४३० अर्थ दिले होते. पुढे ‘रन’ या शब्दाने तो मान पटकावला. ‘सेट’चे मूळ शोधू गेल्यास मात्र ओळखीचे दार लागते. या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘बसवणे’. ज्या प्राचीन धातूपासून ते आले, त्याच धातूपासून संस्कृतातील ‘सद्’ म्हणजे बसणे हा धातू आला. आपले सदन, संसद, परिषद हे शब्द त्याच कुळातले. वस्तूंचा समूह या अर्थाचा ‘सेट’ मात्र लॅटिनमधून, ‘अनुसरणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. उच्चार एक, घराणी दोन.

हे सारे कौतुकाचे. परंतु या शब्दाचा एक वापर अलीकडे मला बोचू लागला आहे. ‘मुलगा सेट आहे का?’ स्थळांच्या बोलण्यांत हा प्रश्न हमखास येतो. त्याचे भावंड ‘सेटल’ही त्याच अर्थाने सोबत असते. नोकरी, स्वतःचे घर, दारात गाडी एवढे जमले की माणूस सेट!

माझा पुतण्या एकतीस वर्षांचा आहे. त्याची कंपनी बंद पडली, तेव्हा तो वडिलांच्या बांधकाम साहित्याच्या दुकानात बसू लागला. सकाळी आठला दुकान उघडतो, उधारीच्या वह्या त्याने संगणकावर आणल्या, आईच्या औषधांच्या वेळा त्याच्या तोंडपाठ आहेत. तरीही दोन स्थळे ‘मुलगा अजून सेट नाही’ एवढ्याच शब्दांवर परत गेली. तेव्हापासून घरच्या समारंभांना यायचे तो टाळतो.

एकदा दुकानात गोण्या मोजता मोजता त्याने मला सहज सांगितले, “काका, साधे सिमेंट पाणी घातल्यावर पहिल्या अर्ध्या तासात सेट व्हायला लागता कामा नये, आणि दहा तासांच्या आत सेट झाले पाहिजे. तसे मानकच आहे.”

“म्हणजे दहा तासांनी काळजी मिटली?”

“छे! खरे काम तेव्हाच सुरू होते. निदान सात दिवस पाणी मारावे लागते. नाहीतर वरून पक्के दिसते आणि पुढे तडे जातात.”

त्याने ते सिमेंटविषयीच सांगितले होते. मी मात्र घरी येईपर्यंत ‘सेट’ म्हणून नावाजलेली आणि नंतर पाणी न मिळालेली कितीतरी घरे आठवत राहिलो. नोकरी पक्की, बंगला पक्का, आणि आतला संवाद भेगाळलेला.

शंभर मीटरच्या शर्यतीत ‘सेट’ हा पुकारा होतो, तेव्हा कोणीही कोठे पोहोचलेले नसते. धावपटू कंबर उचलून स्थिर होतो, सारे बळ एकवटतो. धावणे अजून पुढेच असते. एकतिसाव्या वर्षीच्या मुलाला हाच अर्थ अधिक शोभतो.

वाचकहो, आपल्याकडे स्थळ सांगून येईल तेव्हा मुलगा वा मुलगी काय काम करते, किती निष्ठेने करते, घरातल्या थकल्या माणसांशी कशी बोलते, हे अवश्य विचारा. पुतण्याविषयी पुढच्या वेळी कोणी विचारले, तर मी त्यांना सकाळी आठ वाजता दुकानात यायला सांगणार आहे.