शंकासुराची जागा

काळा झगा, तोंडावर काळं फडकं, त्यातून लोंबणारी लाल जीभ. केळबाईच्या मुळगावात वाढलेल्या आम्हा पोरांना शंकासुराची भीती वाटायची, आणि त्याच्याचसाठी आम्ही डोळे ताणून जागायचो. आडदशावतारात, म्हणजे दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगात, गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जात. मग हा वेदचोर येई नि हरदासाशी हुज्जत घाली. देव आणि राजे पल्लेदार मराठी बोलत, तेही कागदावर एक अक्षर लिहिलेलं नसताना. शंकासुर मात्र घरातलं बोले.

खाणींची धूळ शेतांवर बसू लागली होती, विहिरी आटत होत्या, त्या काळातली एक रात्र पक्की ध्यानात आहे. पुढच्या खुर्च्यांवर गावातली वजनदार माणसं. हरदासाने वेदांचा जाब विचारला, तसा शंकासुर त्या खुर्च्यांकडे वळला: "वेद मिया चोरलंय, पण तुमच्या बावीतला पाणी कोणी चोरल्यान?" मंडप हसला. बायकांत बसलेली माझी आई हसली नाही. गावच्या बैठकीत जे कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं ते राक्षस बोलून गेला, आणि त्याला कुणी गप्प बस म्हटलं नाही.

पुढे कॉलेजात 'किंग लिअर' वाचताना तो पुन्हा भेटला. लिअर मुलींच्या गोड बोलण्यावर राज्य वाटून मोकळा होतो. त्याच्या पदरचा विदूषक त्याला अंड्याचा हिशेब सांगतो: मधोमध कापून आतलं खाऊन टाकलं, की उरतात टरफलांचे दोन मुकुट. राजा चाबकाची धमकी देतो, पण त्याला जवळून हलू देत नाही. राजाचं बोलणं बहुतेक छंदात, विदूषकाचं साध्या गद्यात नि गाण्याच्या तुकड्यांत. थेट आमच्या दशावतारी काल्याची रीत! करुण नाटकात जरा विसावा म्हणून विदूषक, असं वर्गात शिकवलं गेलं. मला ते तेव्हाही पटलं नाही. त्याच्या प्रत्येक विनोदाने लिअरची जखम उघडीच पडते.

१६८१ साली नाहम टेटने या नाटकाचा शेवट गोड केला आणि विदूषकाला साफ काढून टाकलं. नट मॅक्रेडीने त्याला रंगमंचावर परत आणलं ते १८३८ मध्ये. दीडशे वर्षं इंग्रज प्रेक्षकांनी लिअर पाहिला, पण त्याच्या तोंडावर त्याचा मूर्खपणा सांगणाऱ्या त्या माणसावाचून. लिअरचीच छाया असलेल्या शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्येही (१९७०) वेगळा विदूषक नाही. पण तिथे नायक बेलवलकर राजाही आहेत आणि त्या राजाला टोचणारेही तेच, म्हणून उणीव भासत नाही.

हल्ली आडदशावतार आवरता घेतात. लोकांना ट्रिकसीन हवे असतात, आख्यान लवकर लागायला हवं असतं. दशावतारी मंडळींवर माझा राग नाही, त्यांनाही रात्र निभवायची असते. पण काट मारायची वेळ आली की सर्वांत आधी शंकासुरावर येते, हे मला सहन होत नाही. जत्रेची बोलणी करणाऱ्यांना मी दरवर्षी सांगतो: आख्यान उशिरा लागलं तर लागू दे, पुढच्या खुर्च्या मात्र मांडलेल्या असू देत, आणि त्याला हवं तेवढं बोलू दे.