क्लेंटच्या टेकडीवर

इंग्लंडास जाऊन आलेल्या मनुष्यास लोक लंडनविषयीं विचारतात. आम्हांसही विचारतात, आणि आमचें उत्तर ऐकून निराश होतात. चार महिन्यांच्या मुक्कामांत लंडन आम्हीं एकच दिवस आणि तेंही धांवत पाहिलें. जी जागा मन लावून पाहिली ती म्हणजे बर्मिंगहॅमच्या नैर्ऋत्येस, वूस्टरशर परगण्यांत असलेली क्लेंटची टेकडी. तेथें ना किल्ला, ना प्रसिद्ध देवालय. तथापि ज्या घरांत एखादें मूल बोलत नाहीं, त्या घरांतील वडील माणसांस या टेकडीची हकीकत उपयोगी पडेल, अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहों.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बर्मिंगहॅम येथें असतात. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याचे कान तिखट आहेत; जिन्यावरील पावलांवरून कोण आलें हें तो ओळखतो. परंतु तो बोलत नाहीं, नजरेस नजर देत नाहीं, आणि हाक मारली तर वळून पाहत नाहीं. तासन् तास एकच सूर तोंडांतल्या तोंडांत धरून बसतो, आणि हातांत चमचा मिळाला तर तीन टोले, मग थांबणें, पुन्हां तीन टोले, असा क्रम चालवितो. डॉक्टरांनीं या स्थितीस स्वमग्नता म्हटलें आहे. लिओ कॅनर या वैद्यानें १९४३ सालीं अमेरिकेंत ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून ती जगाच्या नजरेस आली. आईच्या रुक्षपणामुळें मूल असें होतें, असा एक क्रूर समज पुढें कित्येक वर्षें प्रचलित होता. तो साफ खोटा ठरला आहे. हा मेंदूच्या घडणींतील निराळेपणा आहे. त्यांत आईचाही दोष नाहीं आणि मुलाचा हट्टही नाहीं.

हें सारें आम्हांस अगोदर सांगितलेलें होतें. तरीसुद्धां ३४ वर्षें मास्तरकी केल्याचा अभिमान आडवा आला. गेल्याबरोबर आम्हीं नातवास समोर बसवून रामरक्षा व पाढे सुरू केले. तो सूर धरूं लागला कीं 'हं, पुरे' म्हणावें, टोले मारूं लागला कीं चमचा काढून घ्यावा, असा आमचा क्रम चालला. चौथ्या दिवशीं आमचा आवाज चढतांच त्यानें दोन्ही कान हातांनीं झांकले आणि तो टेबलाखालीं जाऊन बसला. सूनबाई कणीक मळीत होत्या. हात न थांबवितां त्या हळूच म्हणाल्या, "नाना, त्याला सगळें ऐकूं येतें हो. आपणच त्याचें ऐकत नाहीं, असें तर होत नसेल ना?"

आम्ही कांहीं बोललों नाहीं. बोलण्यासारखें कांहीं नव्हतेंच.

त्याच आठवड्यांत नातवाच्या संगीतोपचाराच्या वर्गास जाण्याचा योग आला. एरवीं घरचीं माणसें बाहेर बसतात. पण शिक्षिकाबाईंनीं आम्हांस एक दिवस कोपऱ्यांत बसण्याची मुभा दिली. खोली अगदीं साधी. एक पियानो, एक ढोल, एक टांगलेली झांज आणि कांहीं घुंगरें. मुलगा आंत आला तो भिंतीच्या कडेकडेनें फेऱ्या घालूं लागला. आतां बाई त्यास बोलावितील असें आम्हांस वाटलें. त्यांनीं बोलाविलें नाहीं. त्याचें पाऊल पडेल तसा एकेक सूर त्या वाजवीत गेल्या. तो भरभर चालला कीं सूर भरभर येत; तो थांबला कीं सूरही थांबत. पांचसहा फेऱ्यांनंतर तो मुद्दाम थांबला. पियानो थांबला. त्यानें एक पाऊल टाकलें. एक सूर आला. मग त्याच्या तोंडून तो नेहमींचा सूर निघाला. बाईंनीं तोच सूर पियानोवर धरला आणि त्याच्याखालीं हळूहळू दुसरे सूर भरले. आपल्याकडे गवयाच्या मागें तंबोरा लावून बसतात, तसेंच तें होतें. मुलगा ढोलापाशीं गेला व त्यानें तीन टोले मारले. बाईंनीं तीन सुरांनीं उत्तर दिलें. त्यानें पुन्हां तीन मारले, आणि उत्तराची वाट पाहत मान वर करून त्यांच्याकडे पाहिलें. ज्या टोल्यांसाठीं आम्ही घरीं चमचा काढून घेत होतों, त्यांचेंच येथें संभाषण झालें होतें.

परत येतांना चिरंजीव म्हणाले, "नाना, ही पद्धत जिथें सुरू झाली ती जागा इथून लांब नाहीं. यायचें का बघायला?"

रविवारीं आम्ही दोघेच निघालों. आगगाडीनें हॅग्ली स्टेशनावर उतरलों आणि पुढें दोन-अडीच मैल पायीं गेलों. एवढ्याशा अंतरांत कारखान्यांचा मुलूख संपून दोहों बाजूंस झुडपांचीं कुंपणें, हिरवीं कुरणें व मेंढ्या दिसूं लागल्या. क्लेंट येथें सनफील्ड नांवाची संस्था आहे. जीं मुलें शिकविण्याजोगीं नाहींत असें म्हणून लोक बाजूस सारीत, त्यांच्यासाठीं रुडॉल्फ श्टायनर यांच्या विचारांच्या मंडळींनीं ती १९३० सालीं काढली. मुलांचें वसतिस्थान ही कांहीं प्रेक्षणीय वस्तु नव्हे, म्हणून आम्ही आंत जाण्याची खटपट केली नाहीं. बाहेर रस्त्यावर उभे राहूनच चिरंजीवांनीं आम्हांस तेथील इतिहास सांगितला.

पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकेंतील बार्ड कॉलेजांत संगीताचे प्राध्यापक व स्वतः रचनाकार. १९५८ सालीं रजा घेऊन ते युरोपांत आले असतां सनफील्डला पोंचले. क्लाइव्ह रॉबिन्स हे तेथील शिक्षक होते. १९५९ पासून दोघांनीं एकत्र काम सुरू केलें. एकानें पियानोवर बसावें, दुसऱ्यानें मुलाजवळ राहावें. मूल जें करील, मग तें चालणें असो, डोलणें असो कीं ओरडणें असो, त्याला तेथल्या तेथें सुरांत उत्तर द्यावें. प्रत्येक बैठक ध्वनिफितीवर घेऊन मागाहून ती बारकाईनें तपासावी, असा त्यांचा शिरस्ता होता. नॉर्डॉफ यांनीं प्राध्यापकी सोडली ती कायमची.

पुढें दोघेही पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत गेले. तेथील एडवर्ड नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लहान मुलाची हकीकत या विद्येंत प्रसिद्ध आहे. तो खोलींत आला तो रडत व किंचाळत. नॉर्डॉफ यांनीं त्यास गप्प बसविलें नाहीं. त्याचें रडणें ज्या सुरांत होतें तो सूर पकडून ते वाजवूं लागले. रडतां रडतां तो मुलगा पियानोच्या सुरांस उत्तर देऊं लागला. रडणाऱ्या मुलास गप्प करणें हेंच ज्या धंद्यांत कौशल्य मानतात, त्या धंद्यांत आमचें आयुष्य गेलें. ही गोष्ट ऐकून आम्हांस काय वाटलें असेल, हें वाचकांनींच ताडावें.

नंतर आम्ही टेकडी चढलों. या रांगेंतील सर्वांत उंच माथाही १,०३६ फुटांचाच. सिंहगड चढलेल्या मनुष्यास तिची मातबरी वाटूं नये. परंतु वरून देखावा फार विस्तीर्ण. पश्चिमेस वेल्सकडील डोंगर, दक्षिणेस मॅल्व्हर्नची रांग. त्या रांगेच्या अलीकडे पॉविक म्हणून गांव आहे. तेथील वेड्यांच्या इस्पितळांत सेवकांचा एक वाद्यवृंद असे, आणि १८७९ ते १८८४ या काळांत त्याचे चालक होते तरुण एडवर्ड एल्गार, जे पुढें इंग्लंडचे थोर रचनाकार म्हणून गाजले. दुःखी मनास संगीतानें विसावा मिळतो, हें त्या प्रांतास ठाऊक होतेंच. मात्र तेथें रोग्यांनीं ऐकावयाचें होतें; सनफील्डला वाजविणाराच ऐकूं लागला.

माथ्यावर चार उभे पाषाण आहेत. त्यांस पाहून आम्हांस वाटलें, कीं ही एखादी इतिहासपूर्व वेदी असावी; आम्ही जवळजवळ हात जोडणार होतों! चिरंजीव हंसून म्हणाले, कीं हे अठराव्या शतकांत हॅग्लीच्या लॉर्ड लिटल्टन यांनीं केवळ शोभेसाठीं उभे करविले आहेत. आम्ही ओशाळलों, पण त्या पाषाणांनीं आम्हांस एक इशारा दिला. परतल्यावर या विषयावर लिहितांना 'आमच्या पूर्वजांस हें सर्व ठाऊक होतें' असें लिहिण्याचा मोह आम्हांस होणारच होता. अमुक रागानें अमुक व्याधि बरी होते, असे कोष्टक हल्लीं घरोघर फिरत असते. नारदीय शिक्षा आम्हीं पाहिली आहे. भरतमुनींनीं स्वर व रस यांचा संबंध लावला आहे, हेंही खरें. परंतु त्यावरून स्वमग्न मुलावर कोणता राग चालेल तें काढणें, म्हणजे कालचे दगड रोवून त्यांस प्राचीन म्हणणें होय.

आणि औषध या अर्थानें पाहिलें तर संगीताचा दावा बेताचाच आहे. २०१७ सालीं ९ देशांतील ३६४ मुलांवर केलेली एक मोठी चांचणी प्रसिद्ध झाली. पांच महिन्यांच्या संगीतोपचारानें, इतरांशीं वागण्यासंबंधींच्या लक्षणांत, नेहमींच्या उपचारापेक्षां विशेष फरक आढळला नाहीं. उलट २०२२ सालीं २६ अभ्यास व १,१६५ व्यक्ति यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यांत एकंदर सुधारणा व जीवनांतील समाधान यांस बहुधा मदत होते असें दिसलें, परंतु बोलणें वाढतें असें ठामपणें म्हणतां आलें नाहीं. तेव्हां गाण्यानें मूल बोलूं लागेल असें कोणी पैसे घेऊन सांगत असेल, तर त्यापासून दूर राहावें. प्रथम कान तपासून घ्यावे, जाणत्या डॉक्टरांस दाखवावें. पेटी-तबला घरीं असेल तर अवश्य काढावा, पण मुलानें कानांवर हात ठेवतांच थांबावें. कित्येक मुलांस मोठा आवाज अक्षरशः दुखतो.

त्या पाषाणांपाशीं बसलों असतां आम्हांस एका विद्यार्थ्याची आठवण झाली. ३० वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत शेवटच्या बांकावर तो बसे, आणि बोटांनीं बांक वाजवी. विचारलें तर उत्तर देत नसे. आम्हीं त्यास उद्धट ठरविलें, छडी दिली व महिनाभर व्हरांड्यांत उभा केला. दिवाळीनंतर तो शाळेंत आलाच नाहीं. त्याच्या घरीं जाऊन विचारपूस करणें आमच्या हातून झालें नाहीं. त्यास काय होतें, हें आज सांगतां येणार नाहीं. पण त्या बोटांचा ताल काय होता, हेंही आम्हांस आठवत नाहीं, आणि हीच खरी टोंचणी आहे. वर्षभर तो आमच्यासमोर वाजवीत होता, आणि आम्हीं एकदांही ऐकलें नाहीं.

उतरतांना चिरंजीवांनीं हात दिला. तो आम्हीं घेतला.

मुक्कामाचे उरलेले दिवस आम्हीं पाढे बंद ठेवले. नातू सूर धरी तेव्हां आम्हीही जवळ बसून तोच सूर हलकेच धरीत असूं. पहिले कित्येक दिवस तो उठून जाई. मग जाईनासा झाला. तो अद्याप बोलत नाहीं, आणि कदाचित् बोलणारही नाहीं.

निघण्याच्या दिवशीं सकाळीं तो न्याहारीस बसला होता. त्यानें वाटीवर तीन टोले मारले. आम्हीं आपल्या वाटीवर तीन मारले. पुन्हां तीन, पुन्हां तीन. मग त्यानें किंचित् थांबून चार मारले, आणि तिरप्या नजरेनें आमच्या हाताकडे पाहिलें. मास्तरांची परीक्षा चालली होती. आम्हीं चार मारले. तो हंसला.

दाराशीं मोटार येऊन उभी होती व चिरंजीव घाई करीत होते. पण असा वर्ग अर्धा टाकून उठणें कोणत्या शिक्षकास जमेल?