शिकवण्याआधीचे काम

तानसा नदीच्या काठचे गणेशपुरी गरम पाण्याची कुंडे आणि नित्यानंद बाबांची समाधी यांमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. ते ज्या भिवंडी तालुक्यात येते, त्या तालुक्याचा रोजगार मात्र मुख्यतः शहरातील यंत्रमागांवर आणि मुंबई-नाशिक महामार्गाच्या परिसरात पसरलेल्या, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर आणखी वाढलेल्या गोदामांवर चालतो. या दोन्ही ठिकाणी काम बिघडले की कामगारांना प्रशिक्षण द्यावे, हा उपाय सर्वांत आधी सुचतो. नेमके काय कमी पडते आहे हे आधी शोधण्याच्या कामाला प्रशिक्षण-गरजांची निश्चिती म्हणतात, आणि ते बहुधा एक प्रश्नावली वाटून उरकले जाते. कोणते प्रशिक्षण हवे असे कागदावर विचारले असता कामगार आपली इच्छा लिहितो किंवा मुकादमाला रुचेल ते लिहितो. त्याची खरी अडचण त्या कागदावर क्वचितच उतरते.

विल्यम मॅक्गेही आणि पॉल थेअर या अमेरिकी अभ्यासकांनी १९६१ मध्ये या शोधाचे तीन स्तर सांगितले: संस्थेला काय साधायचे आहे, ते काम प्रत्यक्षात कोणत्या कृतींनी पार पडते, आणि ते करणाऱ्या व्यक्तीला त्यांतील काय येत नाही. यांपैकी मधला स्तर सर्वाधिक दुर्लक्षित राहतो, कारण तो कार्यालयात बसून तपासता येत नाही.

मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्याचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. साध्या मागावर धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी बसवून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागते, आणि ते तोंडाने ओढून घेण्याची रीत अनेक देशांतील विणकरांमध्ये होती. एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागल्याने क्षयासारखे रोग पसरण्याची भीती ओळखून मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये असे धोटे कायद्याने बंद केले, तर लँकेशायरमध्ये ते त्यानंतरही काही दशके वापरात राहिले. नवखा कामगार शेजारच्या मागावरील गाववाल्याकडे किंवा नातलगाकडे पाहत शिकतो, तेव्हा हातातील कसब आणि तोंडाची सवय ही दोन्ही तो एकाच वेळी उचलतो, आणि विणलेल्या कापडावर मजुरी ठरत असल्याने वेळ वाचवणारी सवय त्याला योग्यच वाटते. अशा ठिकाणी आरोग्यावर व्याख्यान ठेवणे म्हणजे रोगाचे निदान न करता औषध देणे होय. हाताने सूत ओवता येईल असा धोटा आधी पुरवला, तर शिकवण्याजोगे जे उरते ते मागापाशीच थोड्या वेळात शिकवता येते.

गोदामातही हाच विवेक लागतो. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये सुचवलेली कसोटी अशी की, जीवावरच बेतले तर हा माणूस हे काम करू शकेल का, हे पाहावे. करू शकत असेल, तर उणीव ज्ञानाची नसून अन्यत्र आहे. खोक्यावर चुकीची चिठ्ठी लागत असेल, तर स्कॅनरच्या पडद्यावरची भाषा कोणती, रांगेत उजेड किती, तासाला किती नग उचलण्याचे बंधन, हे आधी पाहिले पाहिजे. आसपासच्या पाड्यांतून आलेल्या वारली किंवा कातकरी तरुणाला केवळ इंग्रजी सूचना वाचता येत नसतील, तर गरज मराठी सूचनांची आहे, आणि त्याला अकुशल ठरवणे हा सरळ अन्याय आहे. फोर्कलिफ्ट चालवण्याचे मात्र तसे नाही. तेथे कौशल्याचीच खरी उणीव असू शकते आणि रीतसर शिक्षणाला पर्याय नसतो. शिवाय कामगार ठेकेदाराच्या पटावर असेल, तर ठेका बदलताच त्याच्यासोबत शिकवलेलेही निघून जाते. हा प्रश्न कितीही चांगल्या अभ्यासक्रमाने सुटत नाही.

म्हणून गरजा ठरवण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांनी किमान एक पूर्ण पाळी, आणि शक्य असल्यास रात्रपाळी, कामगाराच्या शेजारी उभे राहून काढावी, आणि तोवर प्रशिक्षणाच्या विषयांची यादी करायला घेऊ नये.