पाणी फेकणारी गाडी

मोटारीच्या सर्व दुखण्यांत ‘पाणी फेकणे’ हे मला विशेष फसवे वाटते. तापासारखे ते केवळ लक्षण दाखवते. रोग कुठे आहे, ते सांगत नाही. आणि लक्षणावर उपचार करण्याची आम्हां सरकारी नोकरांना सवयच जडलेली! पाणी कमी झाले, भरा. पुन्हा झाले, पुन्हा भरा. फाइल पुढे सरकली!

डेहराडूनला असताना माझ्या जुन्या, चार सिलिंडरांच्या गाडीने मसुरीच्या चढावर हा उद्योग आरंभला. बदलीचा हुकूम हाती आला होता आणि गाडी कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने मागितली होती. प्रश्न त्यामुळे केवळ माझ्या खिशाचा राहिला नव्हता.

दोष घाटावर ढकलणे सोपे होते. मसुरीची उंची सुमारे 2000 मीटर. तिथे उघड्या भांड्यातले पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब राखते आणि चौरस इंचामागे एक पौंड दाब वाढला, की उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने चढतो. झाकणाची स्प्रिंग सैल असेल, तर पाणी उसळणारच. म्हणून झाकण बदलले, थर्मोस्टॅट बदलला. पाणी जायचे ते गेलेच.

शेवटी एका वृद्ध मिस्त्रीने गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगितली. सकाळी थंड रेडिएटर उघडून त्याने काठोकाठ पाणी भरले आणि पंख्याचा पट्टा उतरवला. पंप फिरून पाणी ढवळले जाऊ नये, एवढ्यासाठी! (प्रयोगशाळेत याहून निराळे काय करतात?) इंजिन सुरू होताच, पाणी कोमटही झाले नसताना, बुडबुडे वर येऊ लागले. थंड पाण्यात वाफ कुठली? तो सिलिंडरातला जळका वायू होता. हेड आणि ब्लॉक यांमधले गॅस्केट फुटले होते. वायू पाण्यात शिरून त्याला बाहेर लोटत होता. मग त्याने प्लगची एकेक तार क्षणभर काढून पाहिली. दुसरी काढताच बुडबुडे जवळजवळ थांबले. तो प्लग बाहेर आला, तर वाफेने धुतल्यासारखा लख्ख!

हेड उतरवून त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली, तेव्हा मधून उजेड दिसला. ते घासून सपाट करावे लागले. बिल मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवले. किमतीत मात्र एक रुपयाही वाढवला नाही.

“पण साहेब, नुसते पाणीच भरत राहिलो असतो तर?” सहकाऱ्याने विचारले.

“तर एखाद्या दिवशी ते सिलिंडरात उतरले असते,” मी म्हटले आणि किल्ली त्याच्या हाती दिली.