छेदाची साक्ष

आमच्या सोलापुराखालीं बसाल्टाचा काळा कातळ आहे. धातूची खाण नाहीं. तरीहि इतकीं वर्षें कॉलेजांत शिकविल्यावर खनिजशास्त्रांतला एक प्रश्न मला अगदीं घरचा वाटूं लागला आहे. वस्तूचा एक छेद पाहून तिच्या अंतरंगाविषयीं किती बोलावें, हा तो प्रश्न.

भंडारा जिल्ह्यांत डोंगरी बुजुर्ग येथें मँगॅनीजची खाण आहे. असलें खनिज दळलें, कीं कांहीं कण निव्वळ धातुखनिजाचे निघतात, कांहीं निव्वळ गारेचे, आणि कांहींत दोन्ही एकमेकांस चिकटून राहतात. कोणते किती, हें कळल्यावांचून दळण थांबवावें कीं चालूं ठेवावें हें ठरत नाहीं. जास्त दळावें तर खर्च वाढतो. कमी दळावें तर चांगला माल टाकाऊ ढिगांत जातो. म्हणून मूठभर कण राळेंत बसवितात, तो ठोकळा घासून गुळगुळीत करितात, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं कणांचे छेद पाहतात.

देलेस या फ्रेंच भूशास्त्रज्ञानें १८४७ सालीं दाखविलें, कीं खडकाच्या छेदांत एखादें खनिज जितका हिस्सा व्यापतें, तितकाच सरासरीनें त्याचा घनफळांतील हिस्सा असतो. समुदायाविषयीं छेद खोटें बोलत नाहीं. एकेका कणाविषयीं मात्र तो सहज फसवितो.

गृहिणींना हें चटकन् पटेल. पोटांत एकच बेदाणा असलेला बेसनाचा लाडू घ्या. दोन्ही गोल मानले आणि लाडवाचा व्यास बेदाण्याच्या पांचपट असला, तर वाटेल तेथून सुरी फिरवा. पांचांतून चार वेळां बेदाणा दिसणार नाहीं. उलट, साध्या लाडवांत तो कधींच दिसावयाचा नाहीं. म्हणजे मिश्र दिसला तो खास मिश्र. शुद्ध दिसला तो शुद्ध असेलच असें नाहीं. म्हणूनच छेदांवरून मोजलेले सुटे कण वाजवीपेक्षां जास्त भरतात, आणि जाणते लोक तो आंकडा गणितानें खालीं आणतात.

प्रश्नपत्रिका हीहि एक सुरीच आहे. प्रश्न अभ्यासक्रमांत सर्वत्र पसरलेले असले, तर शंभर मुलांच्या गुणांवरून वर्गाविषयीं मी खुशाल बोलेन. पण ज्याचीं सारीं उत्तरें बिनचूक, त्याच्यांत अज्ञान नाहींच, आणि ज्याची उत्तरपत्रिका कोरी, त्याच्यांत कांहींच नाहीं, असे निवाडे मी देत नाहीं. पहिल्या निवाड्यानें फारसें बिघडत नाहीं. दुसऱ्यानें मात्र एका मुलाचें शिक्षण सुटतें. खाणीवर टाकाऊ ढीग तरी पुन्हां तपासून पाहतां येतो. म्हणून नापास मुलाचा बाप, 'याला पुढें शिकवूं कीं नको?' असें विचारूं लागला, कीं मी म्हणतों, "अहो, याची एकच बाजू आपल्याला दिसली आहे. आणखी एक-दोनदां पाहूं या."