पाय टेकायची सवय

मोडलेलं हाड तीन-चार महिन्यांत सांधतं, पण पायातली भीती निघायला त्याहून जास्त दिवस लागतात. हे मला कळलं ते आमच्या गाडवाटेवर.

आषाढात ट्रॉलीतून खताची पोती उतरवताना डावी नडगी मोडली. आत सळई बसली. कार्तिकात डॉक्टर म्हणाले, "आता भार टाका. गाडी आधी पंधरा दिवस डांबरीवरच चालवा." तोवर ज्वारी माणसं लावून पेरून घेतली होती. पोरगा पुण्याहून फोनवर एकच सांगायचा, "अण्णा, रान बटईनं लावून टाका." बटईनं दिलेलं रान आपलं राहतं ते फक्त सातबाऱ्यावर. पण शेत अडीच किलोमीटर लांब, मधी ओढा. चालत जाणं होईना. राहिली गाडी.

स्प्लेंडरचे चारी गेर पुढं दाबून पडतात आणि टाचेनं मागं येतात. म्हणून पंजा वर उचलावा लागत नाही, हे बरं. अवघड होतं ते बसणं. डाव्या बाजूनं टांग टाकायची तर सगळा भार मोडलेल्या पायावर. मी गाडी बांधाला लावायचो, बांधावर उभा राहून बसायचो आणि बसल्या जागीच किक मारायचो.

डांबरी सोडली की काळी माती. पावसाळ्यात बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या. चाकोरीत शिरलं की हँडल जास्त वळवायचं नाही. चाकाकडं न बघता पुढं वाटेकडं बघायचं. हे सगळं मला तीस वर्षांपासून ठाऊक. पण गाडी जरा डगमगली की डावा पाय आपोआप बाहेर यायचा, टेकायला. आणि तेच घातक. पाय बाहेर आला की गाडी त्याच अंगाला कलते, आणि शंभर किलोच्या वरचं धूड त्या सळईवर येतं.

घरात बायको म्हणायची, "अहो, तिथं पडलात तर उचलायला कोण हाय?"

ओढ्यात घोटाभर पाणी होतं, तळाला गोटे. काठावर थांबलो. मग पहिला गेर टाकला, क्लच अर्धा धरला, गुडघे टाकीला आवळले. मधोमध मागचं चाक गोट्यावरून घसरलं. पाय सुटू बघत होता. तो तसाच दाबून धरला आणि रेस कमी केली नाही. चालतं चाक स्वतःला सावरतं; थांबलं की आडवं होतं. गाडी पलीकडं चढली तेव्हा पाठ घामानं भिजली होती, थंडी असून.

रानात गेलो तर ज्वारीचे पोंगे कातरलेले. आत लष्करी अळी. पेरून गेलेल्या माणसांनी परत तिकडं पाहिलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी फवारणी लावली, आणि रात्री पोराला सांगितलं, "बटईचं यंदा राहू दे. मी रोज जातोय."