हाताखालचे चामडे

आमच्या घरातील जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगवरचे चामडे झिजले होते. ते नीट करावे असे आम्ही दोघा भावांनी २०२३ च्या दिवाळीनंतर ठरविले, तेव्हा हे एका रविवारचे काम आहे असा आमचा समज होता. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले. नखांत रंग बसला, चाक काढण्याघालण्यात बोटे सोलली, आणि ज्या गोष्टीविषयी आम्ही बारा वर्षे एकमेकांशी अवाक्षर काढले नव्हते ती बोलावी लागली.

गाडी १९८३ ची. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. हे नाव १९७४ मध्ये पडले, तरी इंदुरात तिला फियाटच म्हणत आणि आमच्या घरीही तीच रीत होती. तिचे मूळ चाक बारीक, कठीण प्लास्टिकचे. माळव्यातल्या मे महिन्यात ते हाताला चटके देई आणि घामेजल्या तळव्यांतून निसटेही. म्हणून १९८५ मध्ये अण्णांनी महूच्या एका खोगीर शिवणाऱ्या कारागिराकडून त्यावर चामडे चढवून घेतले. रंग गडद तपकिरी, शिवण आतल्या अंगाने, टाके एकसारखे. नवी गाडी आली तेव्हा अण्णांनी पेढे वाटले नव्हते, पण हे चाक मात्र ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून दाखवीत असत.

चामड्याची झीज ही एक प्रकारची नोंदवही असते. फियाटच्या गिअरचा दांडा चाकाखालीच, डाव्या हाताला. त्यामुळे डावा हात पुष्कळदा दांड्यावर आणि चाकाचा भार एकट्या उजव्या हातावर. घड्याळाचा काटा दोनवर असावा त्या जागी, मुठीएवढ्या भागात, वरचा थर पार गेला होता आणि आतले तंतू उघडे पडले होते. इंदूरहून पुण्याला आत्याकडे जाताना मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदा लागे. तेथे अण्णा वेग कमी करीत आणि आई खिडकीतून नाणे टाकी. पुढे सेंधवा, बिजासनचा घाट, शिरपूर, धुळे. त्या साऱ्या वळणांचा हिशेब त्या मुठीएवढ्या जागेत जमा झाला होता. डावीकडे, दहाच्या जागी, चामडे शाबूत होते, पण आरशासारखे चमकत होते. ही चकाकी चामड्याची असे आम्ही इतकी वर्षे कौतुकाने समजत होतो. ती मळाची होती.

चांगले चामडे चमकत नाही, हा आमचा पहिला धडा. हाताचा घाम, त्वचेचे तेल आणि धूळ यांचा थर दाबून दाबून गुळगुळीत होतो, आणि आपण त्याला झळाळी म्हणतो. हा थर आत मुरलेला असल्यामुळे त्यावर दिलेला रंग टिकत नाही, पापुद्रे होऊन सुटतो. कातडे कमावण्याची जुनी रीत बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजत ठेवण्याची. १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट निघाले आणि तेच काम पुढे एकदोन दिवसांवर आले. रीत कोणतीही असो, कमावलेले कातडे स्वभावाने किंचित आम्लधर्मी असते. कपड्यांचा साबण त्याच्या उलट प्रकृतीचा. त्याने मळ निघतो, पण चामडे कडक होऊन तडकते. खोबरेल तेलाने चामडे मऊ होते हा समजही आम्ही एके काळी बाळगून होतो. धाकट्याने कधीकाळी ते भरपूर चोळले होते. त्याने चामडे काळवंडले आणि धूळ मात्र दुप्पट धरू लागले.

चाक काढण्यापूर्वी आम्ही बॅटरीची तार सोडविली, मधली मोठी नट ढिली केली आणि चाक ओढून काढले. ज्या नव्या गाड्यांच्या चाकात एअरबॅग असते त्यांच्या बाबतीत हे घरी करू नये. तेथे चाक जागेवरच ठेवून, भोवती चिकटपट्टी लावून काम करावे. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब, फक्त फेस उचलायचा, मऊ ब्रशाने हलके घासायचे आणि ओल्या फडक्याने टिपायचे. पहिले फडके काळे झाले, दुसरे काळे झाले, सातवे करडे झाले. नंतर स्पिरिटने तेलाचा अंश काढला. दुसऱ्या दिवशी चामडे वाळले तेव्हा त्याचा खरा रंग प्रथमच दिसला आणि झीजही खऱ्या रूपात दिसली.

तेव्हाच ती जागा आमच्या लक्षात आली. चाकाच्या अगदी तळाशी, सहाच्या काट्यापासून जरा उजवीकडे, अंगठ्याएवढ्या रुंदीचा एक पट्टा घासून मखमलीसारखा झाला होता. गाडी चालविताना तेथे कोणी हात ठेवीत नाही. आम्ही दोघेही त्या जागेकडे पाहत बसलो. धाकटा म्हणाला, “दादा, हे चालवून झालेलं नाही. हे बसून झालंय.”

२०११ मध्ये अण्णांचा उजवा हात कापू लागला होता. अंगठा बोटांवर सारखा फिरत राही, जणू काही मोजत आहेत. डॉक्टरांनी गाडी चालवू नका असे स्पष्ट सांगितले. अण्णांनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी गाडी बाहेर काढली. पुढच्या महिन्यात रामबागेत भाजीच्या हातगाडीला धक्का लागला. कोणाला इजा झाली नाही. बटाटे रस्ताभर पसरले, ते अण्णांनी स्वतः वाकून वेचले. त्या रात्री आम्ही दोघांनी किल्ली कपाटात कुलपात ठेवली. ती ठेवणे योग्यच होते, आजही आमचे मत तेच आहे. पण अण्णांना तसे सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. सकाळी त्यांनी किल्ली मागितली तेव्हा आम्ही म्हणालो, “अण्णा, बॅटरी पूर्ण उतरली आहे. मेकॅनिकला सांगितलंय.” कोण बोलले हे आता महत्त्वाचे नाही, दोघांचे ठरले होते.

अण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते अंगणात गेले आणि गाडीत जाऊन बसले. आमच्या फियाटचा हॉर्न किल्लीवाचूनही वाजत असे. अंधार पडता पडता तो एकदा वाजला. अगदी थोडका, वाटेतल्या वासराला बाजूला करावे तसा. आम्ही दोघेही घरातच होतो. बॅटरी उतरलेली नाही हे अण्णांना कळले होते, त्यांना कळले हे आम्हांला कळले होते. ते आत आले, पाय धुतले आणि पानावर बसले. त्यानंतर त्यांनी किल्ली कधीच मागितली नाही. पण २०१४ मध्ये ते जाईपर्यंत, प्रकृती बरी असेल त्या प्रत्येक संध्याकाळी, अर्धा तास ते गाडीत जाऊन बसत. आम्ही त्याला अण्णांचे हवा खाणे म्हणत होतो. हात चाकाच्या तळाशी विसावलेले असत आणि अंगठा फिरत असे.

हे सारे त्या दिवशी प्रथमच आमच्या तोंडून निघाले. धाकट्याला वाटत आले होते की थोरल्याने अण्णांशी सरळ बोलायला हवे होते. थोरल्याला वाटत आले होते की बॅटरीची सबब धाकट्याने सुचविली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. चहा दोनदा गार झाला.

शिवण उजव्या बाजूला वीतभर उसवली होती. ते काम आमच्या हाताबाहेरचे होते. इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे वाचकांना ठाऊक असेल. ते हत्ती, घोडे, गेंडे करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे आम्ही चाक नेले. त्यांच्या कामात प्राण्याच्या तयार सांगाड्यावर ओलसर पातळ चामडे ताणून बसवितात, वाळताना ते आवळून अंगासरसे होते. चाकावरही तेच तत्त्व. चामडे मापापेक्षा किंचित तोकडे कापतात आणि ओढून शिवतात, म्हणजे ते हाताखाली सरकत नाही. त्यांनी चाक फिरवून फिरवून पाहिले आणि म्हणाले, “भिया, नया चढ़ा दूँ तो दो घंटे का काम है। पर इसका टाँका देखो, ऐसा अब कौन लगाता है।” नवे चढवायचे नाही असे आम्ही सांगताच ते खूश झाले. मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक टाका जुन्याच भोकातून. नवी भोके पाडली तर चामडे टपालाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते, असे ते म्हणाले. मजुरी त्यांनी इतकी थोडी सांगितली की आम्हांलाच संकोच वाटला.

पुढचे काम घरी. दोनच्या जागचे उघडे तंतू बारीक पॉलिशपेपरने हलकेच बसविले, भेगांत भरणीचे अगदी पातळ थर दिले. एक थर पुरता वाळल्यावाचून दुसरा द्यायचा नाही, हा नियम. घाई झाली तेथे भरणी सुरकुतली आणि ती खरवडून पुन्हा आरंभ करावा लागला. दांडीच्या आड हात न पोहोचलेली थोडी जागा होती. तेथे महूचा मूळ रंग शिल्लक होता, त्यावरून नवा रंग जुळविला. स्पंजने पाच पातळ हात दिले आणि शेवटी चमक नसलेला संरक्षक थर.

तळाच्या त्या पट्ट्यापाशी मात्र हात थांबला. धाकट्याचे मत, सगळे एकसारखे करावे, अण्णांना अर्धवट काम आवडत नसे. थोरल्याचे मत, ती जागा राहू द्यावी. दोन दिवस चाक तसेच मेजावर पडून राहिले. तिसऱ्या दिवशी धाकट्यानेच त्या जागेच्या कडांना चिकटपट्टी लावली आणि भोवतालचा रंग पुरा केला. पट्टा स्वच्छ केला आहे, त्याला चामड्याचे पोषक मलम देतो, पण रंग लावलेला नाही.

चाक पुन्हा बसविताना एक दाता चुकला. गाडी सरळ जाई आणि चाक वाकडे दिसे. काढताना दांड्यावर आणि चाकावर खुणेची रेघ मारायची असते, ती आम्ही विसरलो होतो. पुन्हा काढून सरळ केले. आता दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसतो आणि गाडी उन्हात उभी करायची तर चाकावर सुती पंचा टाकतो. पुतण्याने तळाच्या पट्ट्याविषयी विचारले तेव्हा त्याला सगळे सांगितले, हॉर्नसकट.

गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघते. बॅटरी मात्र आम्ही उतरू देत नाही.